समोरच्या खोलीतला कूलर

रूथचे पप्पा,

समोरच्या खोलीत कूलर दिसला नाही तर चोरी झाली म्हणून बोंबलू नका. मीच तो मालाच्या ऑटोत टाकून करुणाकडे नेऊन राहिली. तिच्या टिनाच्या खोलीत पंखा नुसती गरम हवा फेकते अन् दीड महिन्याचं लेकरू घामोळ्यानं लालेलाल झालं आहे. तुमची सख्खी बहीण आहे, पण लग्न तुमच्या मनाविरुद्ध केलं म्हणून दोन वर्षांपासून तुम्ही तिचं नावही घरात काढू देत नाही.

रविवारी चर्चमध्ये पुलपिटवर उभं राहून तुम्हीच सांगितलं, ज्याच्याजवळ दोन अंगरखे त्यानं एक द्यावा. साऱ्या मंडळीनं माना डोलावल्या, मीही डोलावली. आता नागपूरच्या मे महिन्यात अंगरखा कोणाले पाहिजे? आपल्याकडे कूलर दोन होते, म्हणून एक दिला. करुणानं मागितला नव्हता, तिच्यावर डाफरू नका. परत आणाले तर बिलकुल जाऊ नका.

पोळ्या डब्यात आहेत, भाजी झाकून ठेवली आहे. आतल्या कूलरमध्ये पाणी भरून घ्या.

अन् एक सांगून ठेवते. येत्या रविवारी तुम्ही शत्रूवरच्या प्रीतीवर बोलणार आहात. करुणा, तिचा नवरा अन् लेकरू, तिघांनाही मी पहिल्या बाकावर आणून बसवणार. त्यांना पाहून शब्द सुचले नाही, तर खाली उतरा अन् भाच्याले मांडीवर घ्या. मंडळीले तेवढं समजते.

विमल