स्टिक उजवी, बाजू डावी

१४ सप्टेंबर २०२५, रेगेन्सबर्ग

डावीकडे! माझ्या पोरीला डावीकडे टाकलं! स्पृहाच्या आइस हॉकीच्या ट्रेनरबाई, युटा, आज सरावानंतर अगदी सहज म्हणाल्या, "आल्झो, तर मग, आता ती डाव्या विंगवर." उजव्या अंगाने मारायची, उजवी स्टिक घेऊन पाच वर्षं उजवीकडे खेळलेली मुलगी! डावीकडे कठड्यालगत आलेला पास तिला स्टिकच्या उलट्या बाजूने घ्यावा लागणार. आणि तीन आठवड्यांवर बायर्न राज्याच्या मुलींच्या संघाची निवड आलीय. वर्षभर ती त्याचीच वाट बघतेय.

यशोधन म्हणतो, "अगं, ट्रेनर त्या आहेत की तू?" नवरा आहे म्हणून सोडलं.

१७ सप्टेंबर

युटाबाईंना मेल पाठवली. दीड पान. गेल्या सीझनचे उजवीकडून मारलेले सगळे गोल, आकृत्यांसकट. कारखान्यात क्वालिटी बघते मी. पुराव्याशिवाय बोलत नाही.

१८ सप्टेंबर

उत्तर आलं. "बघायला या." बस्स, एवढंच!

२१ सप्टेंबर

सराव सामना. गोल नाही. कठड्याशी तीनदा पक, ती रबरी चकती, निसटला. "मी म्हटलं नव्हतं?" असं गाडीत बोलायचं नाही, हे ठरवलं होतं. बोललेच. स्पृहा खिडकीबाहेर बघत म्हणाली, "लास मिश, आई." सोड म्हणे मला!

२ ऑक्टोबर, दसरा

सुट्टी कुठली इथे, पूजा संध्याकाळी. माझा लॅपटॉप, यशोधनचं ड्रिल आणि मधोमध स्पृहाची स्टिक. हळदकुंकू, बाल्कनीतल्या झेंडूची दोन फुलं.

ही मूठ मीच शिकवलेली. आठ वर्षांची होती, तिचे हात धरून — डावा वर, उजवा खाली, बॅट धरतात तशी. विद्यापीठाच्या क्रिकेट संघात चौथ्या नंबरला खेळायचे मी, उगाच नाही! तिच्या संघात बाकी बहुतेक पोरींची स्टिक डावी. माझ्या पोरीची वेगळी. देवीला स्पष्टच सांगितलं, तिची उजवी बाजू तिला परत मिळू दे.

५ ऑक्टोबर

चुकले. साफ चुकले. इथे लिहिते, यशोधनला सांगणार नाही.

निवडीचा सामना. स्पृहा डावीकडेच. पलीकडून पास आला आणि तिची स्टिक मैदानाच्या मध्याकडे उघडीच! थांबवायला नको, वळायला नको. आला तसा मारला — जाळीत! तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. डावा खांदा गोलकडे, डोकं स्थिर... अरे, हा तर माझा कव्हर ड्राइव्ह! बर्फावर! मी अशी किंचाळले की पुढच्या रांगेतल्या आजोबांची बीअर सांडली. मग दुसरा गोल, तस्साच. निवड झाली!! रडले मी. किती अभिमान वाटला ते मला लिहितासुद्धा येत नाहीये.

आणि मग युटाबाईंपुढे फुशारकी मारायला गेले. "ही मूठ माझी बरं का, क्रिकेटमधली!" त्या हसल्या. "गेनाऊ, अगदी बरोबर! पहिल्या दिवशी तिने आपणहून डावी स्टिक उचलली होती. छान मारत होती. पुढच्या आठवड्यात उजवी घेऊन आली. म्हणाली, आईने आणलीय."

पाच वर्षं!

६ ऑक्टोबर

सकाळी डबा भरताना विचारलंच. "स्पृहा, तुला डावी स्टिक हवी होती का गं? बोलली का नाहीस?"

खांदे उडवले. बुटाची नाडी बांधली. एरवी जर्मनमध्ये उत्तर देणारी मुलगी, हे मात्र मराठीत म्हणाली. "तू किती खूश होतीस तेव्हा. म्हणून स्टिक तुझी घेतली. पण डावी बाजू मी मागितली युटाकडे. मी स्वतः."

आणि डबा घेऊन शाळेत गेली.