फाट्यापर्यंत रस्ता एकच

१४ जानेवारी

चि. ठिणगीस,
अनेक आशीर्वाद.

पाकीट पाहून कपाळाला हात लावू नकोस. फोनवर तू मला एकही वाक्य पुरं करू देत नाहीस आणि पत्रात तुला मध्येच बोलता येत नाही, एवढ्यासाठी हा खटाटोप.

तर, तुझ्या लेकीच्या बाळाला बघायला आम्ही येतो आहोत. आईचं म्हणणं असं की पणतीला बघायचं तर दात येण्याआधी, नंतर सगळीच पोरं सारखी दिसतात. विमानाला ती तयार नाही. खिडकीतून ढगच बघायचे तर घरी डोळे मिटून पडलेलं काय वाईट, असं म्हणाली. त्यामुळे गाडीने. मी, तुझी वहिनी आणि आई. वाटेत एक मुक्काम.

रस्ता मी ठरवलेला आहे. खालचा, घाटातला. वरचा महामार्ग नवा आहे, रुंद आहे, हे तू सांगशीलच. पण तो फार सरळ आहे. सरळ रस्त्यावर गाडी चालवणाऱ्याला डुलकी लागते, हे शास्त्रीय सत्य आहे. शिवाय तिथे आडवा वारा असतो, ट्रक माजल्यासारखे पळतात आणि झाडाची सावली औषधालाही नाही. खालच्या रस्त्याने सहा-सात तास जास्त लागतील, पण आईला डोंगर दिसतील. या वयात माणसाला घाई कसली?

तुझा जावईबापूंसह सगळ्यांवर लोभ असतोच. त्यातला उरलासुरला माझ्याकडे वळव.

तुझा,
दादा

२० जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र बेकरीत भट्टीसमोर उभी राहून वाचलं. कान गरम झाले ते भट्टीमुळे की पत्रामुळे, सांगता येत नाही.

रस्ता सरळ असणं धोक्याचं असतं, हा शोध तू इतकी वर्षं जगापासून का लपवलास? दादा, तू आयुष्यभर लिफ्टची तपासणी केलीस. वर आणि खाली, एवढ्या दोनच दिशांशी तुझा संबंध. आडवं जाण्याच्या बाबतीत तुझा शब्द अखेरचा मानावा, एवढी माझी भक्ती नाही. त्या घाटात गेल्या पावसाळ्यात निम्मा रस्ता दरीत उतरला. अजून एका वेळी एकाच बाजूच्या गाड्या सोडतात. माझ्याकडे मैदा आणणारा ट्रकवाला त्या घाटाचं नाव काढलं की दर वाढवून सांगतो. वहिनीला बिचारीला घराच्या गेटपासून कोपऱ्यापर्यंत गाडी लागते, तिला तू अडीचशे वळणं दाखवणार. आणि आईचे गुडघे? त्यांनाही डोंगर बघायचे आहेत का?

वरच्या रस्त्याचा खरा दोष लिहायला तू विसरलास. तो ताईच्या गावावरून जातो. तिच्या दवाखान्याची पाटी म्हणे महामार्गावरून दिसते. म्हणजे सख्ख्या बहिणीची पाटी डोळ्यांवर पडू नये म्हणून हा एवढा घाट. त्यापेक्षा वरच्या रस्त्याने ये आणि तेवढ्यापुरते डोळे मीट. तुझ्याच म्हणण्याप्रमाणे तो रस्ता झोपायला सोयीचा आहे.

रागावलास तरी चालेल, पण विसरू नकोस.

तुझी,
ठिणगी

२७ जानेवारी

चि. ठिणगीस,
आशीर्वाद. (अनेक नाहीत. एकच.)

पाटी दिसते की नाही मला माहीत नाही. मी पाहिलेली नाही आणि पाहणारही नाही.

तुझी स्मरणशक्ती सोयीप्रमाणे चालते, म्हणून आठवण देतो. बाबा इस्पितळात होते तेव्हा आपण तिघं खालच्या कँटीनमध्ये बसलो होतो. त्यांना आजाराचं नाव कळू द्यायचं नाही, असं ठरलं. तिनेही मान हलवली होती. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या रेडिओसाठी सेल घेऊन गेलो, तर बाबा भिंतीकडे तोंड करून पडलेले. म्हणाले, तुझ्या बहिणीने सगळं सांगितलं, आता सेल कशाला आणलेस. त्यानंतर त्यांनी रेडिओही लावला नाही आणि धड जेवलेही नाहीत.

डॉक्टरीणबाईंचं उत्तर तयार होतं. बाबांनी सरळ विचारलं, मी सरळ सांगितलं. वा! सत्य दिवसातून तीन वेळा, जेवणानंतर. मी कॉरिडॉरमध्ये तिला म्हणालो की आजाराला त्रास नको म्हणून तूच त्यांना संपवलंस. याला नऊ वर्षं झाली. ती आली नाही, मी बोलावलं नाही. हिशेब चोख आहे.

आई काय म्हणते, असं विचारशील. आई काही म्हणत नाही. खिडकीशी बसून मटार सोलते. रस्त्याचा विषय निघाला की शेंगा जरा मोठ्याने फुटतात, एवढंच.

खालचा रस्ता. विषय संपला. लोभाचं काय करायचं ते तू ठरव.

दादा

२ फेब्रुवारी

चि. ठिणगी,
आशीर्वाद.

दादा बाहेर गेलाय तोवर लिहून घेते. अक्षर लागलं नाही तर अंदाजाने वाच.

त्याच्याशी रस्त्यावरून भांडत बसू नकोस. तो गाठीसारखा आहे, ओढलं की घट्ट होतो. खालचा तर खालचा, म्हणून मोकळी हो. मला फक्त एक कळव. दोन्ही रस्ते कुठपर्यंत एकच आहेत? आणि फाटा जवळ आला हे माझ्यासारखीने कशावरून ओळखायचं? पाट्या मला वाचता येत नाहीत, त्या पळत असतात. लांबून दिसेल असं मोठं काहीतरी सांग.

तुझ्या ताईचा फोन मला दुपारी येतो, दादा घरी नसताना. ती काय बोलते ते निम्मंअर्धं ऐकू येत नाही. ती आहे, एवढं ऐकू येतं. पण नऊ वर्षं नुसत्या आवाजावर काढली, आता मला तिचं तोंड बघायचंय.

माझी तब्येत उत्तम आहे. हे मुद्दाम लिहून ठेवते. पुढे काही वेगळं ऐकलंस तर घाबरू नकोस.

उत्तर वहिनीच्या ग्रंथालयाच्या पत्त्यावर पाठव. ती मला आणून देईल. गरीब दिसते, पण आपल्यातली आहे.

तुझी,
आई

८ फेब्रुवारी

ती. आईस,
सा. न. वि. वि.

फाट्यापर्यंत रस्ता एकच आहे. दुपारच्या सुमारास डाव्या हाताला सिमेंटचा कारखाना लागेल. त्याची तीन उंच धुरांडी चष्मा काढलास तरी दिसतील. त्यानंतर पेट्रोल पंप, आणि पंपापुढे फाटा. उजवीकडचा खाली घाटात जातो. डावीकडचा वर, ताईकडे.

हे कशासाठी हवंय ते मी विचारत नाही. तुझीच मुलगी आहे, थोडंफार मलाही कळतं. दादाला मी कालच लिहून टाकलं की खालचा रस्ता उत्तम आहे, आणि आधी मीच चुकले. इतकी गोड कशी झाले म्हणून तो संशय घेईल, पण घेऊ दे. फक्त एक सांभाळ. तू जे काही करशील ते दादाने ब्रेक लावावा इतपतच असू दे. त्याला स्वतःलाच खाटेवर झोपवावं लागेल असं काही नको. रक्तदाब त्यालाही आहे.

बाळ तुझी वाट बघतंय. तुझी माया आहे तशीच इकडे धाडत राहा.

तुझी,
ठिणगी

१९ फेब्रुवारी

चि. ठिणगीस,
अनेक आशीर्वाद.

वरचा पत्ता वाचून चष्मा पुसू नकोस. बरोबर वाचलास. तिच्याच घरातून लिहितो आहे.

आम्ही वेळेवर निघालो. आई पुढच्या सीटवर, खुशीत. सिमेंटच्या कारखान्याची धुरांडी दिसली आणि तिने छातीवर हात ठेवला. दम लागतोय म्हणाली. मान मागे टाकली, डोळे मिटले. माझ्या हातातलं स्टिअरिंग ओलं झालं, ठिणगी. मी म्हटलं, पंपावर विचारतो, जवळपास मोठं इस्पितळ असेल. त्यावर, श्वास पुरत नसताना, ती स्वच्छ म्हणाली की परक्या डॉक्टरच्या हाताखाली मी मरणार नाही. आणि दम लागलेल्या त्या बाईने मला फाट्यावरून डावीकडे, गावात शिरल्यावर दुसऱ्या सिग्नलला उजवीकडे, औषधाच्या दुकानावरचा मजला, असा जिन्यासकट पत्ता सांगितला. तुझी वहिनी मागे शांत बसली होती. जिला सरळ रस्त्यावरही पिशवी लागते ती त्या दिवशी खिडकीतून बाहेर बघत होती. हे सगळं मला आता सुचतंय. तेव्हा मी फक्त गाडी हाणत होतो.

दवाखान्यात हिरवी बाकं, वजनाचा काटा आणि खोकणारी दहा-बारा माणसं. ती बाहेर आली. केस पांढरे झालेत तिचे. आईला धरून आत घेऊन गेली, दार लोटलं. मी बाकावर बसलो. आईच्या चपला माझ्या हातात होत्या, त्या कधी उचलल्या देव जाणे. समोर एक पोरगं काट्यावर चढत-उतरत होतं. मला काही म्हणजे काही आठवत नव्हतं, कॉरिडॉर नाही, भांडण नाही. दार उघडावं आणि जे असेल ते तिने मला खरं सांगावं, वेड्यासारखं गोंजारू नये, एवढंच वाटत होतं. या वाक्यावर काही लिहू नकोस. मला कळलंय मी काय लिहिलंय ते.

दार उघडलं. काळजीचं काही नाही, अशक्तपणा आहे, दोन-चार दिवस प्रवास नको, असं ती म्हणाली. जमिनीकडे बघत म्हणाली.

तेव्हा आम्ही इथे आहोत. रुग्ण कालपासून दोनदा वाढून घेतो आहे आणि शेजारणीला विणकाम शिकवतो आहे. अशक्तपणाचा हा प्रकार मी पहिल्यांदाच पाहतो. आम्ही दोघं बोलत नाही असं नाही. ती विचारते, चहा? मी म्हणतो, चालेल. आज तिने साखर किती हेही विचारलं, म्हणजे गाडी पुढे सरकते आहे.

तिच्या इमारतीची लिफ्ट मात्र भयंकर आहे. दार लागताना असं कण्हतं की आपणच त्याला उचलून न्यावं. ती रोज त्यातून जाते-येते. ज्याने तपासून शेरा मारला त्याला मी भेटून येणार आहे. उद्या लिफ्टच्या यंत्राची वरची खोली उघडून मी स्वतः बघतो.

बाळाला सांग, थोडा उशीर होईल. दात आलेच तर आईशी माझी भांडायची तयारी आहे. तुझा लोभ या पत्त्यावरही चालतो का, ते कळव.

तुझा,
दादा

२३ फेब्रुवारी

चि. ठिणगीस,
अनेक आशीर्वाद.

तिघंही आज सकाळी निघाले. हे पत्र येईल तोवर तुझ्या घरात बाळ कोणी घ्यायचं यावरून भांडण जुंपलेलं असेल.

दादाने तुला त्याची बाजू लिहिलीच असेल. आता आतली ऐक. दार लोटल्याबरोबर तपासणीच्या टेबलावर आईने एक डोळा उघडला आणि विचारलं, तो घाबरलाय का? मी तरी तपासलं, नीट तपासलं. माझ्यापेक्षा तिची नाडी बरी आहे. मी तिच्यावर रागवायला तोंड उघडलं तर तिने माझा गाल हातात धरला, आणि बराच वेळ नुसती बघत राहिली. मग म्हणाली की खरं सांगायची तुझी खोड आजच्यापुरती कपाटात ठेव. ताई, म्हणजे मी, इतकी वर्षं रुग्णांच्या नातेवाइकांसमोर उभी राहते. कधी शब्द फिरवला नाही. बाहेर आले तर हा एवढा मोठा माणूस चपला छातीशी धरून उभा. त्याला घाबरवत ठेवणंही जमेना आणि गाडीत बसवून परत धाडणंही जमेना. म्हणून अशक्तपणा. माझं पहिलं खोटं, तेही किती मिळमिळीत!

पुढचे दिवस बरे गेले. दादा दोन दिवस लिफ्टच्या खोलीत होता, ग्रीसने माखलेला. इमारतीतले लोक त्याला मेकॅनिक समजून आपापले पंखेही दाखवायला लागले आणि तो चिडत चिडत तेही बघून आला. बाबांचा विषय त्याने काढला नाही. काल जेवताना मात्र आपण होऊन म्हणाला की बाबांनी विचारलं ते तुला विचारलं, मला नाही, कारण मी काय सांगेन ते त्यांना माहीत होतं. मग पाणी प्यायला उठला तो बराच वेळ आला नाही. वहिनी त्याच्यामागे जायला निघाली, आईने तिचा पदर धरून खाली बसवलं.

आज सकाळी तो डिकीत सामान लावत होता. मी आईची उशी घेऊन खाली गेले. माझ्याकडे न बघता त्याने विचारलं की आईला खरंच काही झालं होतं का. प्रश्न सरळ होता. ठिणगी, सरळ प्रश्नाला सरळ उत्तर देऊन मागे एकदा मी काय गमावलं ते तुला ठाऊक आहे. तरी सांगितलं, नाही दादा, काहीही झालं नव्हतं.

तो बॅगेचा पट्टा आवळत राहिला. मग म्हणाला की ते त्याला पहिल्या रात्रीच कळलं होतं. त्याची तक्रार एवढीच, की खोटंच बोलायचं होतं तर मी दोन-चार दिवस कसले सांगत बसले. निदान पंधरवडा तरी सांगायचा होता.

बाळाचा पापा घे. तुझ्या लोभावर माझाही थोडा हक्क आहे, तो आता उघडपणे मागते.

तुझी,
ताई