एक्केचाळीस नंबरची नळी

३ मार्च
पोचले एकदाची महदियाला! खिडकीतून समुद्र दिसतो. प्रयोगशाळा झाडणाऱ्या मंजियामावशीने आल्या आल्या ताटभर कुस्कुस वाढला आणि अंगावर मांस नाही म्हणून दमही भरला. माझ्या आधीची रफिका लग्न करून गेली म्हणाली, पण माझ्याकडे न बघता.

काम सोपं आहे. कातड्याच्या कारखान्याजवळ मेंढ्या पटापट मरतायत, त्यांच्या यकृताचा हरभऱ्याएवढा तुकडा नळीत घालायचा, नळी बर्फात ठेवून फिरत्या पात्याने घोटायचा आणि त्यातलं विष मोजायचं. दहा सेकंद घोटायचं, थांबायचं. तापला की नमुना वाया.

५ मार्च
आमचे साहेब, डॉक्टर लसआद, म्हणाले की डोंगराकडच्या निरोगी मेंढ्यांचे तुकडेही त्यातच घोट, विष कमी दिसेल. अख्खं गाव त्याच कारखान्याच्या नाल्याचं पाणी पितं! मी सांगितलं, साहेब, हे काही कालवण नव्हे. साहेब हसले. रफिकाची जीभही अशीच चुरूचुरू चालायची म्हणे.

मी वेगवेगळंच घोटलं. विष भयंकर आहे.

६ मार्च
एक्केचाळीस नंबर घोटलाच जात नाही. सहा वेळा पातं फिरवलं. लगदा होतो, आणि चहा पिऊन यावं तर पुन्हा अख्खा तुकडा. नळी बर्फात असून कोमट.

७ मार्च
भिंगाखाली धरला. मेंढीचा नाहीच. माणसाची कातडी, त्यावर मेंदीचा इवलासा मासा.

मावशीला दाखवला. तो मासा तिनेच काढला होता, रफिकाच्या हातावर, लग्नाच्या आदल्या दिवशी. नवरी मांडवात पोचलीच नाही.

८ मार्च, दुपार
साहेबांनी एक्केचाळीस पुढ्यात ठेवली. घोट म्हणाले. नाही म्हटलं. त्यांनी शेजारी रिकामी बेचाळीस ठेवली, नुसता नंबर. मीच पेन उचलून त्यावर माझं नाव लिहिलं — दलेंदा.

नंतर
शीतखोलीत कोंडलंय. बाहेरून कडी. खरे आकडे सकाळीच मावशीच्या टोपलीत, भाकरीखाली — गावात पोचले असतील. आता बस बोंबलत, साहेबा.

पेन धरलेली बोटं वळत नाहीत. एक्केचाळीस मी उचलून आणली, दुसऱ्या मुठीत आहे. गरम. धडधडते —

बाहेर पातं सुरू झालं.

कडी हलते. भीती वाटते, खूप वाटते. पण रफिका, आपण दोघी लगदा होणार नाही. येऊ दे त्याला. आला की मी ही नळी त्याच्या —