एका वेळच्या शिदोरीवर हैदराबाद

माय,

आज नातीनं विचारलं, हैदराबादहून मुंबई विमानानं किती लांब? मी म्हटलं, चारशे मैलांच्या आतबाहेर. आमच्या वेळच्या विमानाला सव्वादोन-अडीच तास लागायचे. तिला ते फार वाटले. मला मात्र तू आठवलीस, कारण आपल्या घरात ही वाट पहिल्यांदा तू मोजलीस, तीही जळकोटला चुलीपुढं बसून.

निजामाचं राज्य होतं. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि घरात शब्द चालायचा तो थोरल्या चुलत्यांचा. तुळजापूरच्या दवाखान्यातल्या बाईंनी हैदराबादेत नर्सिंग शिकायला माझं नाव सुचवलं, तसे ते ओसरीवरून कडाडले, "हैदराबाद काय शिवेवर हाय व्हय? पोरगी आजारी पडली तर तोंड बघाय बी मिळायचं न्हाय." एरवी त्यांच्यापुढं तू तोंड उघडायची नाहीस. त्या दिवशी पदर सावरत उभी राहिलीस आणि म्हणालीस, "भावजी, सकाळी आपल्या डोईवरनं इमान जातंय न्हवं? मास्तर म्हणले, हैदराबादवरनं निघून मुंबईला जातंय. माझ्या भाकरी व्हायच्या आत ते हितं येतंय. मग लांब कसं?" चुलत्यांनी आभाळाकडं बघत होकाराची मान डोलावली. मी बैलगाडीनं सोलापूर गाठून पुढं रेल्वेनं जाणार होते, विमानानं नव्हे, हे त्यांना सुचलंच नाही. तुझ्या त्या उत्तराचा मला आजही लई अभिमान वाटतो.

पण बोललेलं निभावायची तुझी खोड. आपल्याकडं वाट भाकरीवर मोजतात. गाठोडं केवढं, यावरून आळीला कळतं की माणूस किती लांब निघालं. निघायच्या दिवशी चुलत्यांसकट सगळी भावकी अंगणात जमलेली, आणि तू सगळ्यांदेखत एका वेळच्या भाकरी, ठेचा आणि कांदा बांधलास. कुणीतरी म्हणालं, "आगं, आनखी घाल की." तू म्हणालीस, "कशाला? हितंच तर चाललीया." ते गाठोडं सोलापूरच्या स्टेशनवरच संपलं. पुढं वाडी जंक्शनला गाडी बदलून हैदराबाद येईतो पोटात कावळे ओरडत होते आणि मला हसू आवरत नव्हतं. आईनं चारचौघांत हैदराबाद शेजारी आणून ठेवलं होतं, मग भूक लागली असं म्हणायचं तरी कुणाला!

शिकून गावी आले तेव्हा तू मला मुद्दाम चुलत्यांच्या दारावरून नेलंस. "भावजी, हैदराबादची नर्स आलीया, नाडी दावा," म्हणालीस. त्यांनी हात पुढं केला. मी नाडी बघत होते आणि तू माझ्याकडं बघत होतीस.

तू गेलीस त्याच्या पुढच्या वर्षी एका आजारी बेगमसाहेबांना मुंबईला न्यायचं होतं आणि सोबतीला मला पाठवलं. हैदराबादच्या बेगमपेठ विमानतळावरून विमान उठलं. बेगमसाहेबांना झोप लागली, तशी मी खिडकीला नाक लावलं. खाली काळी रानं, मधूनच एखादं गाव. बरोबरच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय बघताय एवढं?" मी बोट दाखवून म्हटलं, "ते आमचं जळकोट."

हे पत्र टपालात पडणार नाही, म्हणून तुला सांगते. मला गाव ओळखू आलंच नव्हतं, माय. दिसेल त्या गावाकडं बोट केलं आणि ठासून सांगितलं, "तिथनं माझ्या आईनं मला धाडलं."