पडद्याच्या कडेचे दोरे

दि. ३ मार्च
चि. चिऊस आजीचे अनेक आशीर्वाद वि. वि.

जाताना छत्री विसरलीस, चष्म्याची डबी विसरलीस, आणि मुख्य म्हणजे आम्हाला विचारायचं विसरलीस. शिवणखोलीतल्या कॉम्प्युटरवर नवी ऑपरेटिंग सिस्टिम घालून गेलीस, पण आम्हा बाराजणींत वाचता येणाऱ्या दोघीच. आम्हा बाकीच्यांसाठी मी पडद्याच्या कडेला दोरे चिकटवलेत. लाल दोऱ्यासमोरचं चित्र दाबलं की झग्याचं माप छापून येतं, हिरव्यासमोरचं दाबलं की हॉस्पिटलला निरोप जातो. तू चित्रंच हलवलीस. आता लाल दोऱ्यासमोर पत्त्यांचा डाव उघडतो. काजं करणारी मावशी चार दिवस तोच खेळतेय, वर म्हणते, सुधारणा चांगली आहे! पंधरा तारखेला हॉस्पिटलचे दोनशे झगे गेले नाहीत, तर पुढचं काम आपलं नाही. तुझी आई हे लिहून घेताना गालात हसतेय. तिचं काय जातंय!

तुझी आजी

दि. ५ मार्च
ती. आजीस सा. न. वि. वि.

जुन्या सिस्टिमची डागडुजी आता कुणी करत नाही. उद्या चोर शिरला तर सगळी मापं जातील. नवी हलकी आहे, ऑफिसात आम्ही सगळे तीच वापरतो. दोरे काढून टाक, आठवड्यात सवय होईल. रागावू नकोस.

तुझी चिऊ

दि. ७ मार्च
चि. चिऊस आ.

चोराचं पटलं, जुनी नको. पण तुझ्या ऑफिसच्या मापाचा झगा मावशीला चढवलास आणि वर म्हणतेस, मावशी, तूच बारीक हो. दोरे निघणार नाहीत. मला अक्षर येत नाही, दोरा येतो. आधी माप घ्यायला ये.

आजी

दि. ८ मार्च
ती. आजीस सा. न.

चुकलेच. उद्या तीन सिस्टिम घेऊन येते. मावशी कुणालाही न विचारता जिच्यावर माप छापेल, ती ठेवू.

चिऊ

दि. १५ मार्च
चि. चिऊस आ. वि. वि.

मावशीने निवडलेली सिस्टिम तुझ्या आवडीची नव्हती, तुझं तोंड एवढंसं झालं होतं. पण चित्रं दोऱ्यासमोर गुमान उभी राहतात. पत्त्यांना काळा दोरा दिलाय, तो दाबायचा चार वाजल्यानंतरच. आज दोनशे झगे गेले. हिरवा दोरा मी स्वतः दाबला. हॉस्पिटलचं उत्तर आलं, पुढचे तीनशे आपलेच.

लोभ दोऱ्यासारखाच, ताणू नये पण सोडूही नये. आता बाराजणींना पुरेल एवढं गोड काहीतरी पाठव. आणि ठरवायच्या आधी, बाई, विचार: दोघींना साखर बंद आहे, अन् मावशीला दात नाहीत.