टायरवाल्यापर्यंतचं तिकीट

प्रिय भिंगरी,

यंदा इकडे यायची पाळी तुझी, म्हणून नेहमीप्रमाणे तुझं तिकीट काढायला गेले होते. तर बाईसाहेब, आपल्या खात्यावरच्या व्याजात तुम्ही फक्त टायरवाल्यापर्यंत पोचता! हसू नकोस. एवढ्या पैशात बस कुठवर आणेल, असं मी खिडकीवरच्या माणसाला विचारलं, तर त्याने तक्त्यावर बोट फिरवत अर्ध्या वाटेवरचा तो थांबा दाखवला. तिथे एक टायरवाला आहे आणि दुसरं काही म्हणजे काही नाही.

काय दिवस होते ना गं! बाबांनी घड्याळांचं दुकान विकून पैसे आपल्या दोघींच्या नावावर ठेवले आणि बजावलं, मुद्दलाला हात लावायचा नाही आणि व्याज एकटीने खायचं नाही. तेव्हापासून एक वर्ष मी तुझ्याकडे, एक वर्ष तू माझ्याकडे, खर्च व्याजाचा. पहिल्या वेळी तू रेल्वेने झोपून आलीस आणि उरलेल्या पैशांत मला मखमली सपाता आणल्यास. मग झोपायची जागा गेली, बसायची आली. मग रेल्वे गेली, बस आली. गेल्या वर्षी माझ्या बसची खिडकी बंद होईना, मान अशी धरली की तुझ्या हॉस्पिटलच्या लाँड्रीतल्या सगळ्या बायकांनी मला तिरपीच पाहिली. त्यांना वाटलं असेल, मोठी बहीण भारीच आखडू आहे. आणि एकमेकींचे पैसे घ्यायचे म्हटलं की आपल्या दोघींच्या नाकाला मिरच्या झोंबतात, त्यामुळे तोही मार्ग बंद.

म्हणून मी बँकेत भांडायला गेले. बघते तर काय, अख्खी गल्ली तिथेच! व्याज उतरलं म्हणून निवृत्त हेडमास्तरांनी सगळे पैसे पाच वर्षांसाठी अडकवले आणि आता पाच वर्षं मरायची सोय नाही म्हणून पथ्य पाळायला लागलेत. बेकरीवाल्याने सगळे काढले आणि नवी भट्टी घेतली, म्हणाला, निदान ऊब तरी मिळेल. दातांच्या डॉक्टरीणबाई तर जिथे पाव टक्का जास्त मिळेल तिथे पळतात, आता कुठल्या बँकेत किती ठेवलेत ते त्यांनाच आठवत नाही.

माझा नंबर आला. काउंटरवर ती मुलगी होती, जिच्या कोटाची चेन मी दोनदा बदलून दिली आहे. तिने आपलं खातं उघडलं आणि खुदकन हसली. म्हणाली, सगळे पैसे काढतायत आणि तुमचं मुद्दल वाढतंच आहे. मी खाली मान घातली. काय सांगू तुला! गेली दोन वर्षं मी कपडे लहानमोठे करून मिळालेल्या पैशांतले थोडे गुपचूप त्यात भरत होते. दर खाली आला की मी जास्त भरायची, म्हणजे तुला मेसेज येईल तेव्हा व्याजाचा आकडा फार उतरलेला दिसणार नाही आणि तुझं येणं चुकणार नाही. शिल्लक तू कधी बघत नाहीस हे मला माहीत होतं. आणि मीही बघत नाही, हे तूही धरून चालली होतीस ना? कारण ती मुलगी पुढे म्हणाली, तुमची बहीणही दर पगाराला भरते. अगं चोरटे! आपण दोघी मागून ढकलत होतो तरी ती बस टायरवाल्यापाशीच थांबली! मला हसू आलं, मग तिथेच भर रांगेत रडू फुटलं. हेडमास्तरांनी रुमाल दिला, तो अजून धुवायचाय.

बरं, दुसरी बातमी. मागच्या खोलीतले व्हायोलिनचे मास्तर खोली सोडून गेले. कानांना सुट्टी मिळाली, पण संध्याकाळी घर खायला उठतं. मी शिलाई मशीनशी बोलते आणि हल्ली ते उत्तर देतंय असं वाटतं. काल टेप घेऊन खोली मापली. तुझा पलंग खिडकीखाली बसतो, रेडिओ कोनाड्यात. वेगळं न्हाणीघर काढायला गवंडी जेवढे मागतो, जवळपास तेवढंच आपलं मुद्दल आहे. वेगळं हवंच, नाहीतर लहानपणासारखी रोज सकाळी दारावर थापाथापी. तू दोन महिन्यांनी निवृत्त होतेस, तुझा घरमालक भाडं वाढवतोय, आणि पुढचं विचारलं की तू फोनवर नुसतं बघू म्हणतेस. तू घाबरलीस की बघू म्हणतेस, मला का कळत नाही? मीही घाबरले आहे गं. आपण भेटत राहावं म्हणून बाबांनी ते पैसे ठेवले होते. आता त्या पैशांनी भेट होत नसेल, तर ते मोडून टाकू. बाबा रागावले तर मी बघून घेईन.

पैसे काढायला दोघींच्या सह्या लागतात. तुझी सही पोस्टाने आली तरी चालेल, असं ती मुलगी म्हणाली. तिला चालत असेल, मला नाही चालत. टायरवाल्यापर्यंतचं तिकीट सोबत पाठवतेय. निवृत्त झाल्यावरच्या पहिल्या रविवारचं आहे. पलंग सुटा करून बसच्या टपावर चढव, तिथून पुढे बेकरीवाला त्याचा टेम्पो आणतोय, पलंग-रेडिओसकट सगळं मावेल, मी मोजलंय. मी टायरवाल्यापाशी उभी असेन, मान सरळ ठेवून. परतीचं तिकीट काढलेलं नाही.

तुझीच हट्टी,
ताई