बर्नरचा आवाज

रविवार, संध्याकाळ

घरी बिअर करायला लागलो तेव्हापासून अण्णांनी पोराच्या घरी येणं सोडलं होतं. आज गावाहून, वैरागहून, आपणहून आले. मी गच्चीवर होतो. लवकर उकळावं म्हणून मुद्दाम आचाऱ्यांचा मोठा बर्नर घेतलाय, पण त्याच्या आवाजात काही ऐकू येत नाही. जवाचं पाणी उतू जात होतं. मागून कोणीतरी बोललं, मी न वळताच हातानं थांबवलं. बर्नर बंद करून वळलो, तर कोणीच नाही.

खाली आलो तर बायको म्हणाली, “अण्णा होते. कसं करतोस ते बघायला वर आले होते. आत्ताच स्टँडकडे गेले.”

बर्नर लहान असता तर? पण मान वळवायला काय झालं होतं मला?

फोन केला. “काय न्हाय रं, सहज आलतो.”

“परत कधी येताय?”

“बघू की,” म्हणाले.